वाचक विचारतात: प्रकाश ओळखणारी लवचीक फिल्म

प्रश्न : मनगटी पट्ट्यासाठी पीव्हीएमध्ये (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल, पाण्यात विरघळणारं प्लास्टिक) वजनाने २० टक्के झिंक ऑक्साइड नॅनोपावडर मिसळून १०० मायक्रॉन जाडीची फिल्म केली. यूव्ही टॉर्च मारला तर करंट जेमतेम वाढतो, पावसाळी हवेत मात्र अंधारातही चढतो. वाकवल्यावर फिल्म तडकते. काय चुकतंय?
— एक वाचक, जळगाव

उत्तर : आधी टॉर्च तपासा. बाजारातले स्वस्त टॉर्च बहुधा ३९५ नॅनोमीटर तरंगलांबीचे असतात. झिंक ऑक्साइडचा बँड गॅप, म्हणजे इलेक्ट्रॉन मोकळा करायला प्रकाशात लागणारी किमान ऊर्जा, सुमारे ३.३७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणजे ३६८ नॅनोमीटरच्या आसपास. त्याहून लांब तरंगलांबीच्या प्रकाशात तेवढी ऊर्जा नसते. त्यामुळे ३६५चा एलईडी घ्या, आणि डोळ्यांना यूव्ही चष्मा लावा.

खरी गोम प्रमाणात आहे. झिंक ऑक्साइडची घनता ५.६, पीव्हीएची १.३. वजनाचे २० टक्के आकारमानात साडेपाचच भरतात. इतक्यात कण एकमेकांना टेकत नाहीत, करंटला वाटच मिळत नाही. तुम्हाला जो दिसतो तो मुख्यतः पीव्हीएने शोषलेल्या ओलाव्याचा. वजनाने ६० टक्के घाला, आकारमानात सुमारे २६ होतील. पीव्हीए ५ ग्रॅम असेल तर पावडर साडेसात ग्रॅम. पीव्हीए ९० अंशांच्या पाण्यात पूर्ण विरघळवा. पावडर वेगळ्या पाण्यात अर्धा तास अल्ट्रासॉनिक बाथमध्ये फिरवा आणि मगच एकत्र करा. कोरडी पावडर थेट घट्ट द्रावणात टाकली की गुठळ्या होतात, त्या नंतर फुटत नाहीत.

इतक्या भरतीची फिल्म ठिसूळच होणार. ती मऊ करायला ग्लिसरीन घालायचा मोह टाळा, ते ओलावा आणखी ओढतं. जाडी कमी करा. वाकल्यावर बाहेरच्या पृष्ठभागावरचा ताण ढोबळमानाने जाडी भागिले वक्रतेच्या त्रिज्येची दुप्पट. १० मिलिमीटर त्रिज्येला १०० मायक्रॉनवर अर्धा टक्का येतो. २५ मायक्रॉनच्या पॉलिइमाइड या लवचीक प्लास्टिकच्या फिल्मवर ३० मायक्रॉनचा थर दिला तर ०.२८ टक्के.

पट्ट्यावर दोन सारख्या फिल्म ठेवा, एक दाट काळ्या कापडाखाली, आणि दोन्हींचा फरक वाचा. ओलाव्याचा बराचसा गोंधळ वजा होतो. प्रकाश गेल्यावर करंट सावकाश उतरतो, हा मात्र पदार्थाचा स्वभाव आहे. उजेडात कणांच्या पृष्ठभागावरून सुटलेला ऑक्सिजन परत चिकटायला वेळ घेतो. हवाबंद आवरण दिलंत तर ते आणखी लांबेल. घामासाठी सिलिकॉनचा, म्हणजे पीडीएमएसचा, पातळ थर पुरे. तो द्रव पाणी अडवतो आणि ऑक्सिजन आत जाऊ देतो.

प्रश्न : १० भाग पीडीएमएसला १ भाग हार्डनर घेतो, तरी काही ठिकाणी फिल्म चिकटच राहते.
— एक वाचक, पुणे

उत्तर : हातमोजे लॅटेक्सचे आहेत का? त्यातलं गंधक पीडीएमएस घट्ट करणाऱ्या प्लॅटिनम कॅटॅलिस्टला (उत्प्रेरकाला) मारतं. अमाइन आणि टिनची संयुगंही तेच करतात. नायट्राइलचेही काही मोजे गंधकाने पिकवलेले असतात, त्यामुळे विनाइलचे वापरा.