एकाच रंगाच्या दोन गाड्या: कोण कुठला?

फॉर्म्युला वनच्या मोटारशर्यती नव्यानं बघताय आणि एका टीमच्या दोन सारख्या गाड्यांत कुठला ड्रायव्हर कुठं ते ओळखायचंय, तर आधी हेल्मेट नको, गाडीच्या डोक्यावरचा टी-आकाराचा कॅमेरा बघा. टीममधल्या एका गाडीवर तो काळा असतो, दुसरीवर झगझगीत पिवळा. शर्यतीआधी पहिल्या सरावातच कुणाचा पिवळा ते वहीत लिहून ठेवा, कारण टीमनुसार आणि हंगामानुसार ते बदलतं. निपाणी-खानापूरकडं बैलगाडी शर्यतीत शिंगांच्या रंगावरनं बैलजोडी ओळखता की, तसंच हे.

गाडीचा नंबर 2014 पासून ड्रायव्हर स्वतः निवडतो आणि टीम बदलली तरी तोच राहतो. म्हणून हॅमिल्टन मर्सिडीजमध्ये 44, फेरारीतही 44. फेरारीतला त्याचा जोडीदार लक्लेर 16. फक्त 1 हा गतविजेत्यासाठी राखीव, तो त्यानं घ्यायचा की नाही ही त्याची मर्जी. 17 नंबर शर्यतीतल्या अपघातानं गेलेल्या ड्रायव्हर ज्यूल बियांकीच्या स्मरणार्थ कायमचा काढलाय. टीव्हीवर मात्र वेगात नंबर वाचता येत नाही, समोरून संथ शॉट आला तरच उपयोग.

हेल्मेटवर फार विसंबू नका. 2018 पासून हॅलो, म्हणजे ड्रायव्हरचं डोकं वाचवणारी कमान, आलाय, त्याच्याआड निम्मं हेल्मेट झाकतं, शिवाय खास शर्यतींना डिझाइन बदलतात. जुन्या फिती बघताना उलटं: 1988 च्या मॅकलारेनमध्ये एर्टन सेनाचं हेल्मेट पिवळं (गाडी नंबर 12), जोडीदार प्रोस्टचं पांढरं-निळं (नंबर 11), लांबूनही चुकत नाही.

तरी गोंधळ झालाच तर टीव्हीच्या पडद्यावर डावीकडची तीन अक्षरी नावांची यादी बघा; ऑनबोर्ड शॉटला, म्हणजे गाडीवरच्या कॅमेऱ्यातून दाखवतात तेव्हा, नाव खाली येतंच.