व्हिएतनामी भाषेत ‘मोक’ म्हणजे काय, आणि तो कधी वापरतात?

मोक म्हणजे बुरशी, आणि बुरा आलेली वस्तूसुद्धा. विशेषण नामानंतर येतं, म्हणून ‘बान्ह मी मोक’ म्हणजे बुरसटलेला पाव. सूर चढता ठेवा. शेवटच्या ‘क’ला ओठही मिटतात, हे सुरुवातीला जमत नाही. नुसत्या दमट, कुबट खोलीला ‘अम मोक’ म्हणतात. हनोईकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये भिंतींना, फरशीला घाम फुटतो, तेव्हा हा शब्द हमखास कानावर पडतो.

मला आवडतो तो ‘मोक मेओ’: पार बुरसलेलं, किंवा न वापरता पडून राहिलेलं. कपाटातले बूट, उदाहरणार्थ. आपण ‘बुरसटलेले विचार’ म्हणतो, त्याच्याच जवळपास. मात्र मोक नेहमी वाईटच नसतो. ‘तुओंग’ या सोयाबीनच्या चटणीसाठी चिकट भातावर मुद्दाम पिवळसर बुरा आणतात.