पहिल्यांदा वज्रेश्वरीला जाताय? मग हे वाचा

रविवारी अजिबात जाऊ नका. वज्रेश्वरीजवळच्या अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडांवर सुट्टीच्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते, आणि दुपारपर्यंत पाण्यावर तेलाचा तवंग येतो. मधल्या वारी, थंडीत, पहाटेची विरार लोकल पकडा. वसईला उतरून पुढे एसटी नाहीतर रिक्षा.

कुंडात थेट उडी मारायची नाही. एकाच आवारात एक कुंड कोमट, तर शेजारचं चटका देणारं असतं. आधी पायरीवर बसून घोट्यापर्यंत पाय सोडा, पाच मिनिटं तशीच जाऊ द्या, मग कमरेपर्यंत उतरा. दहा-पंधरा मिनिटं पुरे. जास्त वेळ बसलात तर उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. मलाही आली होती, एका आजींनी दंड धरून बसवलं. बीपी किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

चांदी घरी ठेवा. पाण्यात गंधक आहे. बायकोची पैंजणं तासाभरात काळी ठिक्कर पडली, ते मी अजून ऐकतोय! कपडे जुने सुती, साबण नको, पाण्याची बाटली हवीच. पावसाळ्यात तानसा नदी फुगलेली असते, तेव्हा काठच्या कुंडांकडे फिरकू नका.

अंघोळ झाली की वज्रेश्वरीचं देऊळ बघा. १७३९ साली वसई जिंकल्यावर चिमाजीअप्पांनी नवस फेडायला बांधलेलं, तटबंदी अगदी किल्ल्यासारखी. वेळ उरला तर गणेशपुरी जवळच आहे, तिथेही कुंडं आहेत. परतीच्या एसटीत खिडकी मिळाली की झोप लागणार, मोबाइलवर गजर लावून ठेवा.