प्री-वेडिंग शूट, कर्ज आणि दिवसभराचे लोकेशन

रत्नागिरीजवळच्या गावातून लिहिणाऱ्या मुलीस,

तुझे पत्र मिळाले. डिसेंबरात तुझे लग्न आहे. पुण्यात नोकरी करणाऱ्या तुझ्या होणाऱ्या नवऱ्याला आरे-वारेच्या किनाऱ्यावर ड्रोन लावून प्री-वेडिंग शूट हवे आहे, त्यासाठी आणि शहरातल्या हॉलसाठी तुझे बाबा पाच लाखांचे कर्ज काढायला तयार झाले आहेत. शिवाय मेसेज वाचूनही तू लगेच उत्तर दिले नाहीस तर तो रुसतो, आणि आता दिवसभर लोकेशन चालू ठेव म्हणतो. ‘मी मागासलेली आहे का?’ असे तू विचारतेस. मुळीच नाहीस.

आधी कर्जाचे बोलू. पाच लाख रुपये 12 टक्के व्याजाने 3 वर्षांसाठी घेतले, तर हप्ता सुमारे 16,600 रुपयांचा बसतो आणि व्याजापोटी जवळजवळ 98,000 रुपये जातात. तुझ्या घरी हापूसचे उत्पन्न आहे, म्हणजे पैसा हाती येतो तो साधारण मार्च ते मे या महिन्यांत, तोही मोहोर टिकला आणि अवकाळी पावसाने घात केला नाही तर. हप्ता मात्र भर आषाढातही चुकत नाही, आणि तेव्हा बागेतून येणे काहीच नसते, उलट खताचा आणि गड्यांच्या मजुरीचा खर्चच असतो. हे सगळे बाबांना तुझ्या-माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे, पण व्याह्यांपुढे मुलीच्या बापाला नकार देणे किती जड जाते, हे मी अनेक घरांत पाहिले आहे. म्हणून तो नकार तू द्यायला हवास.

मुलाला लगेच उधळ्या ठरवू नकोस. ज्यावर नजर खिळते तेच पुन्हा पुन्हा समोर आणायचे, यावर समाजमाध्यमांचा जाहिरातींचा धंदा चालतो. लग्न ठरलेल्या माणसाने प्री-वेडिंग शूटच्या दोन चित्रफिती पाहिल्या की पुढे त्यांचीच रांग लागते, आणि ‘सगळेच करतात’ हे त्याला मनापासून खरे वाटू लागते. त्याला घरी बोलाव, हप्त्याचा हिशेब बाबांसमोर नव्हे तर तुम्हा दोघांतच मांड, आणि लग्न घरच्या अंगणातल्या मांडवात करू या, असे स्पष्ट सांग. फोटो हवे असतील तर एखादा चुलतभाऊ काढील.

लोकेशनची गोष्ट मला याहून गंभीर वाटते. व्हॉट्सॲपवर 2014 साली आलेल्या निळ्या खुणा एवढेच सांगतात की मेसेज उघडला गेला. त्या वेळी तू आईला हातभार लावत होतीस की आजारी होतीस, हे त्यांतून कळत नाही. सेटिंगमध्ये जाऊन त्या खुणा आणि ‘लास्ट सीन’ दोन्ही बंद कर, आणि तसे त्याला आधी सांगून कर, लपवून नको. लोकेशन देऊ नकोस. यावर तो नाराज झाला, पण ऐकून घेऊन बोलत राहिला, तर लग्नाची तयारी खुशाल पुढे ने. धमकी दिली, किंवा तुझ्या आईवडिलांकडे तक्रार नेली, तर हॉलची अनामत बुडाली तरी चालेल, तारीख पुढे ढकल.