मुलगी लॅपटॉपवर "खोटे पेशंट" बनवते, नोकरी लागेल का?

राम राम भाऊ. तुम्ही चोपड्याहून लिहिलंय की मुलगी जळगावला विद्यापीठात एमएस्सी स्टॅटिस्टिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे, प्रोजेक्टसाठी रात्र रात्र तंबाखू आणि तोंडाच्या कॅन्सरचे खोटे पेशंट बनवत बसते, त्यातही गाडी अडलीय, तर हे सोडून बीएडला टाकू का.

खोटा डेटा खरा म्हणून खपवला तर ती लबाडी. पोरगी करतेय ते सिम्युलेशन आहे, म्हणजे उत्तर आपणच आधी ठरवायचं, त्यावरून डेटा पाडायचा आणि मग आपली पद्धत तेच उत्तर शोधून काढते का ते बघायचं. खऱ्या पेशंटच्या डेटात खरं उत्तर कोणालाच माहीत नसतं, म्हणून तर एवढा खटाटोप.

पुढचं तिला वाचायला द्या. ताई, तू 10,000 माणसं बनवलीस आणि कॅन्सरवाले निघाले 4, बरोबरच आहे, प्रमाणच तू 10,000 ला 5 धरलंयस, असं 200 केस, म्हणजे कॅन्सरवाले, मिळवायला 4 लाख माणसं लागतील. पण केस-कंट्रोलमध्ये, म्हणजे आजारी (केस) आणि तो आजार नसलेले (कंट्रोल) यांची तुलना करायच्या पद्धतीत, आजार बघूनच माणसं घेतात ना? डॉल आणि हिल या ब्रिटिश संशोधकांनी 1950 मध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरचे 709 पेशंट घेतले आणि तो कॅन्सर नसलेले तेवढेच दुसरे, मग सिगारेट ओढण्याचं विचारलं. तूही उलटं चाल. 200 केस, 200 कंट्रोल आधीच ठरव. कंट्रोलमध्ये तंबाखू खाणारे 30 टक्के धर, ऑड्स रेशो (केसमधलं तंबाखू खाणारे भागिले न खाणारे हे प्रमाण कंट्रोलमधल्याच्या किती पट) 4 हवा असेल तर 0.3 भागिले 0.7, गुणिले 4, म्हणजे 1.71, त्याला 1 अधिक 1.71, म्हणजे 2.71 ने भाग, आले 63 टक्के. केसमधल्या प्रत्येकाला याच चान्सने तंबाखू दे. मग डेटावरून ऑड्स रेशो काढणारं लॉजिस्टिक रिग्रेशन लाव, हे सगळं 1000 वेळा चालव आणि 95 टक्केवाल्या इंटरव्हलमध्ये (उत्तराच्या अंदाजाची खालची-वरची मर्यादा) 4 खरंच साधारण 950 वेळा सापडतो का ते मोज. सरासरी काढायची तर लॉग ऑड्स रेशोची काढ. आणि इंटरसेप्ट, म्हणजे रिग्रेशनमधला सुरुवातीचा स्थिर आकडा, वेगळाच येतो म्हणून घाबरू नको, तो तू केस-कंट्रोल किती किती घेतले त्यावर हलतो, त्यावरून गावात कॅन्सर किती हे सांगायला जाऊ नको. व्हायवात हाच प्रश्न येईल बघ.

भाऊ, आता नोकरी. हे काम जळगाव-धुळ्यात फारसं मिळणार नाही, स्पष्ट सांगतो, पुणे, मुंबई, हैदराबाद, बंगळुरूला जायची तयारी ठेवा, तिथल्या क्लिनिकल रिसर्च कंपन्यांना, म्हणजे औषधांच्या चाचण्या करणाऱ्यांना, बायोस्टॅटिस्टिशियन आणि स्टॅटिस्टिकल प्रोग्रॅमर लागतात. आर हे आकडेमोडीचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि तिला येतंय, सोबत सॅस हे तसलंच दुसरं सॉफ्टवेअर शिकू द्या, बऱ्याच जाहिरातीत ते मागतात. मात्र पुण्यातला महागडा क्लास "शंभर टक्के प्लेसमेंट" म्हणाला की लगेच पैसे भरू नका, आधी मागच्या बॅचच्या दोन-तीन पोरांशी स्वतः फोनवर बोला.

बीएड नंतरही करता येतं, आधी एमएस्सी पूर्ण होऊ द्या. आणि रात्री लाइट बंद कर म्हणून ओरडू नका, 1000 वेळा चालवायला वेळ लागतो.