एकाच मातीचा सेंद्रिय कर्ब एकदा ०.५२ टक्के, एकदा ०.६८ टक्के येतो. पद्धत वॉकली-ब्लॅक आहे (डायक्रोमेट आणि ॲसिडने कर्ब जाळायचा, उरलेलं डायक्रोमेट टायट्रेशनने मोजायचं). ड्राय कम्बशनचं (माती जाळून कर्ब मोजणारं) मशीन घ्यावं का?

मशीनचं नंतर बघू, आधी तुमचा हा फरक मोजून बघा. १ ग्रॅम माती, १० मिली १ नॉर्मल डायक्रोमेट आणि ०.५ नॉर्मल फेरस अमोनियम सल्फेट असं धरलं, तर ब्युरेटमधला (द्रावण थेंबथेंब सोडायच्या नळीतला) १ मिली म्हणजे, १.३ चा गुणक न लावता, ०.१५ टक्के कर्ब. तुमच्या दोन रीडिंगमध्ये जवळपास १ मिलीची तफावत आहे. निळसर-जांभळ्यावरून हिरवा रंग ओळखताना एखादा थेंब इकडेतिकडे होतो, एवढी चूक होत नाही. त्यामुळे टायट्रेशन करणाऱ्याला बोल लावू नका.

माझा पहिला संशय नमुन्यावर. ०.१६ टक्के म्हणजे १.६ मिलिग्रॅम कर्ब. साडेतीन-चार मिलिग्रॅमचं एक बारीक मूळ फ्लास्कमध्ये गेलं की तेवढा कर्ब आलाच. २ मिमीच्या चाळणीतली माती थेट वजन करत असाल तर हे होणारच. मुळं वेचून काढा, थोडा भाग वेगळा घेऊन सगळाच्या सगळा ०.२ मिमीतून जाईपर्यंत खलात कुटा. वर उरलेलं फेकायचं नाही. खल लोखंडी नको, लोखंडाचा कीस डायक्रोमेट खातो.

दुसरा संशय उष्णतेवर. या पद्धतीत बाहेरून आच नसते, २० मिली सल्फ्युरिक ॲसिड ओतल्यावर जी गरमी होते तीच. ॲसिड हळूहळू सोडलं किंवा फ्लास्क गार फरशीवर ठेवला की ऑक्सिडेशन (कर्ब जळणं) अर्धवट राहतं. आलेल्या आकड्याला लावायचा १.३ हा गुणक सरासरी ७७ टक्के कर्ब जळतो या १९३४ सालच्या हिशेबावर आहे, प्रत्येक मातीला तो लागू पडत नाही. (एका रीडिंगला गुणक लावला आणि दुसऱ्याला विसरला, असं तर नाही ना? ०.५२ ला १.३ ने गुणून पाहा, ०.६८ च येतात!) जमत असेल तर हीटिंग ब्लॉक घ्या, १३५ ते १५० अंशांवर अर्धा तास. कर्ब जवळजवळ पूर्ण जळतो, १.३ लावावा लागत नाही. मात्र ब्लँकही (माती न घालता केलेली तीच चाचणी) तसाच तापवायचा, कारण उष्णतेने डायक्रोमेट स्वतःही थोडं विघटित होतं.

ब्लँक रोज आणि दर बॅचला. फेरसचं द्रावण हवेने उतरत जातं. खारवट मातीत क्लोराइडमुळे आकडा फुगतो, तिथे ॲसिडमध्ये सिल्व्हर सल्फेट घाला.

ड्राय कम्बशनचं मशीन उत्तमच, शिवाय क्रोमियमचा विषारी कचराही होत नाही. पण ते चुनखडीतला कर्बही मोजतं. तशी माती असेल तर आधी ॲसिडने चुना घालवावा लागेल. आणि बऱ्याच मशीनमध्ये नमुना आणखी कमी लागतो, म्हणजे कुटण्यातून सुटका तिथेही नाही.