टॅबलेटवर भरवसा किती ठेवायचा?

अरे, विमान उडवताना टॅबलेटवरचं जीपीएस ॲप वापर की, कोण नाही म्हणतंय? पण ते आपण कुठं आहोत याचा अंदाज घेण्यापुरतंच. आयएफआरमध्ये, म्हणजे उपकरणांच्या भरवशावर उडताना, ढगात शिरलास की मार्ग आणि अप्रोच (धावपट्टीकडं उतरायची वाट) धरायचा तो विमानात बसवलेल्या, मंजुरी असलेल्या उपकरणावरच. मंजूर जीपीएस 'रेम' नावाची तपासणी करत राहतं. किमान 5 उपग्रह हाती असले, तर सिग्नलमधली गडबड ओळखून ते इशारा देतं. टॅबलेटचं तसं नाही. तो चुकीची जागाही ठामपणे दाखवतो. रस्ता माहीत नसताना 'सरळ जा' सांगणाऱ्या पाहुण्यासारखा!

त्यात आपला मराठवाड्याचा उन्हाळा. आयपॅड 35 अंशांपर्यंतच वापरा, असं कंपनीच सांगते. मे महिन्यात चिकलठाणा विमानतळावर पारा 40 च्या पुढं असतो. माझा टॅबलेट एकदा काचेखाली तापून हवेतच बंद पडला. नशीब, आभाळ निरभ्र होतं. तेव्हापासून मी व्हीओआर, म्हणजे दिशा दाखवणारं जमिनीवरचं रेडिओ केंद्र, आधीच ट्यून करतो, त्याचा मोर्स कोड कानानं ऐकून खात्री करतो आणि मगच सुईकडं बघतो.

आणि हो, मंजूर जीपीएसमधला मार्गांच्या माहितीचा डेटाबेससुद्धा दर 28 दिवसांनी बदलतो. इंजिन सुरू करायच्या आधी त्याची तारीख बघत जा.